पाठमोरी फुलं

धाकट्याचा धंदा लोकांची घरं हलवण्याचा. एक टेम्पो, एक जोडीदार, जुन्या रजया, दोऱ्या आणि कमरेचा पट्टा, एवढ्या भांडवलावर त्याने अर्ध्या गावाची बिऱ्हाडं इकडची तिकडे केली होती. एकदा तिसऱ्या मजल्यावरून पियानो उतरवला, तोही वरच्या फुलदाणीसकट, असं तो सांगायचा. फुलदाणीचं खरं धरू नका, पियानोचं मात्र खरं आहे. पण त्याची खासियत वेगळीच. तो सामान नुसतं पोचवत नसे, लावून देत असे. जुन्या घरात पलंगाच्या उजव्या हाताला कपाट असेल तर नव्या घरातही उजव्याच हाताला. "पहिल्याच दिवशी माणसाने न बघता पेल्यासाठी हात लांब केला तर तो पेल्यावरच पडला पाहिजे," असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकं खूश असायची. अशा या पठ्ठ्याला शेवटी घाम फुटला तो सख्ख्या बहिणीची बाग हलवताना.

ताई त्याच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं, त्यामुळे तो पन्नाशीला टेकला तरी तिच्या लेखी धाकटाच. लग्न तिने केलं नाही, आणि का नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. ती कपडे रफू करायची. रफू कसं, तर कोट परत नेणारा घरी जाऊन अर्धा तास भोक शोधत बसायचा आणि मग हा आपला कोटच नव्हे म्हणून भांडायला यायचा. बैठ्या घराच्या मागच्या खोलीत तिची खुर्ची. खुर्चीसमोर खिडकी, खिडकीबाहेर छोटं आवार, आणि आवाराच्या पलीकडच्या कडेला, भिंतीच्या पायाशी, तिची डॅफोडिलची फुलं.

ती आली तीही रफूच्याच वाटेने. कोणीतरी जाडजूड कोट टाकून गेला, खिसा उसवलेला. ताईने आत हात घातला तर दोन कंद. दिसायला कांद्यासारखे, पण कांदे नव्हेत. तिने खिसा शिवला, कंद परत खिशात ठेवले आणि वाट बघत बसली. कोटवाला काही फिरकला नाही. थंडीच्या तोंडावर कंदांना कोंब दिसायला लागले तेव्हा तिच्याने राहवेना. "कोट थांबेल. हे कशाला थांबतील?" असं म्हणाली आणि भिंतीखाली पुरून आली. दोनाचे चार झाले, चाराचा झुबका झाला. गिऱ्हाइकांना हा नाद कळला तसे कोणी पांढऱ्या पाकळ्यांच्या शेंदरी वाटीवाल्या फुलाचे कंद आणून दिले, कोणी एका दांड्यावर चार-पाच बारकी वासाची फुलं येतात त्याचे. वीसेक वर्षांत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा पट्टा तयार झाला.

आणि त्या पट्ट्याची गंमत अशी, की एकूण एक फूल खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं. कळी असताना सरळसोट, मग एक दिवस मान वाकायची, वळायची आणि खिडकीवर येऊन थांबायची. "बघतात माझ्याकडे," ताई म्हणायची, "टाका नीट पडतोय का म्हणून." धाकट्याला यात काही वावगं वाटत नसे. लहानपणी तोही तिच्याकडे असाच टक लावून बसायचा.

लोक फुलं बघायला यायचे. धाकटा मात्र फुलं सरल्यावर जायचा, कारण त्याला कौतुक होतं ते तिच्या नंतरच्या मेहनतीचं. फूल सुकलं की ती ते नखाने खुडायची, बी धरू द्यायची नाही. दांडा तसाच ठेवायची. पानांना हात लावायची नाही. पानं लोळायची, पिवळी पडायची, आवार अगदी झोपेतून उठल्यासारखं दिसायचं. शेजारणीने एकदा जाताजाता पानांच्या छान गाठी मारून दिल्या, तर ताईने एकेक गाठ सोडवली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या हातात तिचाच स्वेटर दिला, बाह्यांना गाठ मारलेला. "घाल बरं आता," म्हणाली. दर तीन-चार वर्षांनी दाटी झाली की कंद उकरायचे, वेगळे करायचे, सावलीत वाळवायचे. त्यासाठी तिने जुन्या पँटींचे खिसे कापून एका चादरीवर ओळीने शिवले होते. प्रत्येक जातीला आपला खिसा. ती चादर खोलीत टांगली की धाकट्याला वाटायचं, माझ्या टेम्पोत इतकी नीटस बांधाबांध आजवर झाली नाही. त्याला हेवा वाटायचा आणि अभिमानही.

तर ते घर विकलं गेलं. नव्या मालकाला ते पाडून तिथे चार मजले चढवायचे होते. सगळ्या भाडेकरूंनी बोऱ्याबिस्तरा आवरला. ताईने धाकट्याकडे यायचं ठरलं, त्याने रस्त्याच्या बाजूची खोली रिकामी करून रंगवून घेतली, त्याची बायको तर पडदेही घेऊन आली. ठरल्या दिवशी धाकटा टेम्पो घेऊन हजर झाला, तर ताई खुर्चीत बसून रफू करतेय.

"पानं हिरवी आहेत," ती म्हणाली.

"ताई, फुलं तर कधीच झाली."

"फुलं झाली म्हणजे त्यांचं तुझ्यामाझ्यासाठीचं काम झालं. आता त्यांची जेवायची वेळ आहे. पानं ऊन खातात तेव्हा कुठे खाली कंद भरतो. भरल्या ताटावरून उठवलंस तर पुढच्या वर्षी नुसती पाती येतील, फूल एक नाही. तू सामान ने. मी मागून येते."

"मागून म्हणजे कधी?"

"त्यांचं जेवण झालं की."

आता या बाईपुढे कोण बोलणार? धाकट्याने कपाट नेलं, भांडी नेली, शिलाईचं मशीन नेलं. मागच्या खोलीत उरली ती खुर्ची, एक खाट आणि ताई. पाडकामाचा मुकादम आला तो चांगलाच तापून आला. ताईने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाहीला उसवलंय. काढा ते जाकीट." रागावलेल्या माणसाने जाकीट काढलं की निम्मा राग त्याबरोबर उतरतो, हे तिला पक्कं ठाऊक. रफू होईपर्यंत तो खिडकीतून पानांकडे बघत बसला, आणि जाताना म्हणाला, "बघा बाई, पुढून सुरुवात करतो. मागची खोली सगळ्यांत शेवटी घेतो. त्यापलीकडे माझ्या हातात नाही."

असं ते चाललं. पुढे भिंती पडत होत्या आणि मागे ताई बसली होती. धाकटा रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचा. एकदा गेला तर ती आवारात उकिडवी बसलेली, हातात ओलं फडकं. पाडकामाची धूळ पानांवर बसली होती आणि ती एकेक पान दोन बोटांत धरून खालून वर पुसत होती. पाहुण्यांना द्यायचे पेले पुसावेत तसं. शेकड्यांनी पानं. तिने त्याच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही. धाकटा डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. आपल्याला ताप यायचा तेव्हा हीच बाई असंच अंग पुसायची, हे त्याला आठवलं. मग तोही फडकं घेऊन बसला.

शेवटी पानं पिवळी होऊन लोळली, हलकेच ओढली की हातात यायला लागली. ताईने दाताळ्याने लांबून लांबून माती सैल केली, एकाही कंदाला ओरखडा नाही. कंद चादरीच्या खिशांत गेले, चादर टेम्पोत टांगली गेली. ताई चढण्याआधी थांबली.

"एक सांगून ठेवते, धाकट्या. इथे ती होती म्हणून मी होते. तुझ्याकडे ती रुजली, फुलली, माझ्याकडे बघायला लागली, तर मी तुझ्याकडे राहीन. नाही तर कुठे तरी आपली खोली बघीन. तुमच्या संसारात उगीच एक खुर्ची अडवून बसायची नाही मला."

"अगं, काहीतरीच काय बोलतेस?"

"काहीतरीच नाही. माझी ट्रंक तू बांधलीस ना? ती तशीच राहू दे."

आणि खरंच, नव्या खोलीत सगळं लागलं, पण ट्रंक पलंगाखाली दोरीने बांधलेलीच राहिली. धाकट्याचीच दोरी, धाकट्याचीच गाठ. झाडू मारताना त्याच्या बायकोच्या झाडूला ती लागायची आणि बायको रोज नवऱ्याला सांगायची, "अहो, वन्संची ट्रंक अजून तशीच आहे." जसं काही याला दिसत नव्हतं.

मग धाकट्याने ठरवलं, की हलवायचं तर असं हलवायचं की ताईला घर बदलल्याचं कळताच कामा नये. तो पुन्हा जुन्या जागी गेला. घर अजून पुरतं पडलं नव्हतं. खिडकीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणून गाठ मारून आणली. नव्या घरी खिडकीसमोर छोटी बाग होती, पुढे लोखंडी जाळीचं कुंपण, पलीकडे फुटपाथ आणि रस्ता. दोरी ताणली तर गाठ बरोब्बर कुंपणाशी आली. धाकटा खूश. हिवाळ्याआधी ताई खिडकीत बसून सांगत गेली आणि हा खणत गेला. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, खाली वाळू, पाणी साचायला नको, टोक वर. पांढरी डावीकडे, वासाची उजवीकडे, मध्ये कोटाच्या खिशातली मूळ पिवळी. जसं तिथे होतं, तस्संच इथे.

पुढे काय घडलं ते ऐकून तुम्ही म्हणाल, त्याला नाही तर नाही, निदान ताईला तरी कळायला हवं होतं. हो, हवं होतं. पण तिने आयुष्यात बाग एकच केली होती आणि खिडकी एकच पाहिली होती. शिवाय जी गोष्ट आपल्यावरच्या मायेने होते असं माणसाला वाटतं, तिचं कारण तो शोधायला जात नाही.

थंडी सरता सरता मातीतून पाती वर आली. धाकटा टेम्पो काढण्याआधी रोज कुंपणाशी उकिडवा बसून मोजदाद करायचा, आणि त्याची बायको म्हणायची, "इतकं लक्ष आपल्या लग्नात माझ्याकडे दिलं असतं तर." कळ्या आल्या. ताई खिडकीतून हलेना. कळ्यांच्या माना वाकल्या. आणि एका सकाळी धाकटा एकाचं बिऱ्हाड पोचवून परत येत होता, तर कुंपणामागे सगळा पिवळा पट्टा फुललेला, ऊन अंगावर घेऊन, एकूण एक तोंड रस्त्याकडे. त्याच्याकडे. त्या क्षणी तो हरखून गेला. दुसऱ्या क्षणी त्याला फुलांच्या वर, मागे, खिडकीत ताई दिसली.

तिच्याकडे सगळ्यांची पाठ होती.

बायको दारातच उभी होती. "उजेडाकडे बघतात ती," ती हळू आवाजात म्हणाली. "तिथे ऊन घराच्या छपरावरून यायचं, म्हणून खिडकीकडे बघायची. इथे ऊन रस्त्याकडून येतं. तुम्ही सगळं मापून आणलंत, ऊन मापायचं राहिलं."

ताईने तक्रार केली नाही. उलट म्हणाली, "चांगली फुललीत. तुझ्या हाताला यश आहे हो, धाकट्या." पण संध्याकाळपर्यंत तिची खुर्ची खिडकीपासून आत सरकली होती, आणि ती दिव्याखाली रफू करत होती. दिव्याखाली काम करणाऱ्यांना ती आयुष्यभर नावं ठेवत आली होती. जेवताना ती सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "त्या मुकादमाच्या ओळखीत एक खोली आहे म्हणे."

उकरून उलटी लावावीत का, असा विचार त्याने केला, पण फुलात आलेल्या कंदाला हात लावला तर ताई त्याचाच हात मोडील, हे तो जाणून होता. दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं चाललं ते धंद्याच्या वाटेने. गोदामात एका गिऱ्हाइकाने नको म्हणून टाकलेला आरसा होता, कपड्यांच्या दुकानातला, भिंतभर लांबीचा. धाकट्याने आणि जोडीदाराने तो आणून कुंपणाला आतून आडवा टेकवला, खिडकीकडे तोंड करून, दोरीने घट्ट बांधला. फुलांची तोंडं आरशात, आरसा ताईसमोर. दोरी ओढताना तो स्वतःशीच म्हणत होता, आता बघू कशी जाते. मग काही न सांगता खुर्ची पुन्हा खिडकीशी नेऊन ठेवली आणि ताईला हाक मारली.

ताई येऊन बसली. बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

तेवढ्यात कुंपणापलीकडून कोणीतरी जाळी वाजवली. रात्रपाळी करून दवाखान्यातून घरी जाणारी नर्स, खांद्यावर पिशवी, डोळे तारवटलेले. आरशाच्या कडेवरून तिचं नुसतं डोकं दिसत होतं.

"अहो, फुलं काढलीत की काय?"

"नाही, आहेत इथेच," धाकटा म्हणाला. "जरा झाकलीत."

"झाकली कशाला? कळ्या होत्या तेव्हापासून मी मुद्दाम दोन थांबे आधी उतरते. काल तर फुललेली बघितली नि घरी जाऊन चक्क झोप लागली. पाववाला पण थांबतो, शाळेतल्या बाई पण थांबतात. आत्ता तो सायकल धरून उभा आहे इथे." खरोखरच आरशामागून सायकलची घंटी वाजली. "लावली कोणी ही? इतकी निगुतीची बाग नाही हो बघितली."

धाकट्याने मागे वळून बोट दाखवलं. नर्स टाचा उंचावून खिडकीकडे बघायला लागली. ताईने मान खाली घातली. तिला सवय होती ती कोटावरच्या रफूच्या कौतुकाची, तीही दारात उभ्या असलेल्या एकेका माणसाकडून. रस्त्याने जाणारी अनोळखी माणसं आपल्यासाठी वाट वाकडी करतात, हे तिला ठाऊकच नव्हतं.

नर्स गेली तशी ताई पुन्हा आरशाकडे बघायला लागली. आणि एकाएकी हसली. धाकटा घाबरला, कारण ती हसत हसत डोळे पुसत होती.

"काय झालं, ताई?"

"अरे, बघ ना. आरशात फुलं दिसतात, आणि फुलांच्या मागे ही मी दिसते. कपाळाला आठ्या, तोंडात दोरा. वीस वर्षं बिचाऱ्यांनी हे तोंड बघितलं आणि तरी दर वर्षी फुलत राहिली. जीव लावला रे त्यांनी मला. आता बघू दे त्यांना जरा रस्ता. काढ तो आरसा."

"पण तुला दिसणार कशी?"

"मला पाय नाहीत का?" ताई म्हणाली. "माझी खुर्ची उचल."

आरसा सोडवून बाजूला ठेवल्यावर आयुष्यभर ओझी वाहिलेल्या त्या माणसाने पियानोही उचलला नसेल इतक्या जपून ती खुर्ची उचलली. दारातून, फाटकातून, फुटपाथवर. ताई मागून सुईदोऱ्याचा डबा घेऊन आली. इतक्या वर्षांत तिने घराबाहेर बसून एक टाका घातला नव्हता. खुर्ची कुंपणाला तोंड करून ठेवली, ती बसली, आणि जाळीपलीकडून सगळी फुलं तिच्याकडे बघायला लागली. मूळ पिवळी बरोब्बर समोर. पाववाल्याने सायकल कुंपणाला टेकवली आणि विचारलं, की त्याच्या सदऱ्याला कोपरावर भोक आहे, ते होईल का. "फुलं बघून घ्या आधी," ताई म्हणाली, "मग सदरा."

संध्याकाळी ती आत आली ती चेहऱ्याला ऊन लागून लालसर होऊन. तिने आरसा लावताना मोडलेली दोन फुलं नखाने खुडून ओंजळीत आणली होती. म्हणाली, वासाची उजवीकडची जरा दाटलीत, पुढच्या वर्षी नाही, पण त्यापुढच्या वर्षी उकरावी लागतील. धाकटा ऐकत होता. त्यापुढच्या वर्षी, हा शब्द त्याने दोनदा मनात म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेम्पोचा दरवाजा उघडून बसायला गेला, तर सीटवर त्याची दोरी. ट्रंकेची. गाठ सोडवून, सरळ करून, नीट वेटोळं घालून ठेवलेली. त्याने घराकडे बघितलं. खिडकीत कोणी नव्हतं. ताई फुटपाथवर खुर्चीत बसली होती, आणि मान वर न करता म्हणाली, "घेऊन जा ती. आम्हाला इथे लागणार नाही."